ट्रेडमिलवरून रस्त्यावर: नव्याने पळायला लागलेल्यांसाठी

मी पळायला सुरुवात केली ती जुलै महिन्यात, वयाच्या ४१ व्या वर्षी. राहायला पुण्यात, कोथरूडला. बाहेर पावसाची रिपरिप थांबत नव्हती, म्हणून सोसायटीच्या जिममधल्या ट्रेडमिलवर सुरुवात झाली. तीन महिन्यांत मी ताशी ८ किलोमीटर वेगाने, न थांबता ५ किलोमीटर पळू लागले. साडेसदतीस मिनिटं लागायची. दसऱ्यानंतर पाऊस ओसरला आणि एका सकाळी मोठ्या उत्साहाने रस्त्यावर उतरले. सव्वा किलोमीटरही झालं नसेल, मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून धापा टाकत होते. कसं शक्य आहे, मला तर पाच किलोमीटर येतं, असं वाटून मी पुढचे चार दिवस रोज बाहेर गेले. सहाव्या दिवशी जिना उतरताना उजव्या नडगीच्या आतल्या बाजूने अशी कळ आली की कठडा धरून उभी राहिले. नंतरचे तीन आठवडे पळणं पूर्ण बंद.

फिजिओथेरपिस्टने मला जे समजावलं त्याचा मथितार्थ असा: दम लवकर वाढतो, हाडं आणि स्नायूबंध सावकाश घट्ट होतात. माझा दम पुढे निघून गेला होता आणि पाय मागे राहिले होते. हे मला जुलैमध्येच कुणी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. म्हणून हा लेख. जिममध्ये सुरुवात करून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी तो आहे, आणि बाहेर पळणाऱ्या पण पावसाळ्यात ट्रेडमिलवर जावं लागणाऱ्यांसाठीही.

१. दोन्हीत नेमका फरक काय, ते आधी समजून घ्या

एक गैरसमज अगदी पहिल्यांदा काढून टाकू. ‘पट्टाच पाय मागे ओढतो, त्यामुळे ट्रेडमिलवर मेहनत लागत नाही’ असं पुष्कळ जण सांगतील. ते खरं नाही. एकसारख्या वेगाने जाणाऱ्या लोकलच्या डब्यात तुम्ही चालता तेव्हा गाडी तुमच्यासाठी चालत नाही, पावलं तुम्हालाच टाकावी लागतात. पट्ट्याचंही तसंच आहे. वजन पेलणं, पाय उचलणं, ढकलणं, सगळं तुमचंच.

खरे फरक दुसरेच आहेत.

पहिला, वारा. बाहेर पळताना आपण हवा कापत जातो, ट्रेडमिलवर जागच्या जागी असतो. १९९६ साली अँड्र्यू जोन्स आणि जोनाथन डाऊस्ट या ब्रिटनमधल्या संशोधकांनी सरावलेल्या धावपटूंवर चाचण्या घेतल्या आणि ट्रेडमिलला १ टक्का चढ दिला की बाहेर पळण्याइतकी ऊर्जा लागते असं दाखवलं. जिममध्ये कुणी ‘एक टक्क्यावर ठेवा’ म्हणालं तर त्याचं मूळ हे. पण त्या चाचण्या ताशी साडेदहा ते अठरा किलोमीटर वेगाच्या होत्या. तुम्ही आम्ही सहा-आठच्या वेगाने पळतो तेव्हा वाऱ्याचा अडथळा फारच थोडा असतो. एक टक्का ठेवलात तर बिघडत नाही, नाही ठेवलात तर तुम्ही काही चोरी करत नाही.

दुसरा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि माझी त्या पायरीवर जी अवस्था झाली तिचं कारणही तोच आहे. ट्रेडमिलवर वेग मशीन धरून ठेवतं. आठवर लावला की आठच. तुम्ही दमलात तरी आठ, ताजेतवाने असलात तरी आठ. रस्त्यावर वेग तुम्हाला धरायचा असतो, आणि नवख्या माणसाला तो धरता येत नाही. सकाळची गार हवा, मोकळा रस्ता, शेजारून कुणी तरुण मुलगा पुढे जातो आणि आपले पाय आपोआप त्याच्यामागे ओढले जातात. मी त्या दिवशी पहिला किलोमीटर सहा मिनिटांत पळाले होते, म्हणजे ताशी दहाने. जिममध्ये मी दहाच्या बटणाला कधी हातही लावला नव्हता.

तिसरा, जमीन. पट्ट्याखालची फळी थोडी दबते आणि ती सगळीकडे सपाट असते. पाच किलोमीटरमध्ये आपण साधारण सहा हजार पावलं टाकतो आणि प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो. ट्रेडमिलवर ही सहा हजार पावलं एकसारखी पडतात. रस्त्यावर एक डांबरावर, एक फुटपाथच्या फरशीवर, एक गटाराच्या झाकणाशेजारी. घोट्याभोवतीच्या छोट्या स्नायूंना तोल सांभाळायचं काम पहिल्यांदाच पडतं.

चौथा, उतार. बहुतेक ट्रेडमिल चढ देतात, उतार देत नाहीत. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांब होता होता शरीराला ब्रेक लावत असतो आणि सवय नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो इतका दुखतो की खुर्चीत बसणं नको होतं. महिनोन्‌महिने ट्रेडमिलवर पळालात तरी ही तयारी होत नाही.

उकाड्याचं मात्र उलट आहे. ट्रेडमिलवर अंगावर वारा येत नाही म्हणून घाम जास्त येतो आणि नाडी वर जाते. समोर पंखा असेल तर तेच अंतर कितीतरी सोपं जातं. जिममध्ये पंख्यासमोरचं मशीन मिळत असेल तर तेच घ्या.

२. सुरुवात करण्याआधी: तपासणी आणि सामान

वय चाळिशीच्या पुढे असेल, रक्तदाब किंवा मधुमेह असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. ईसीजी करायचा का, आणखी काही तपासायचं का, हे ते ठरवतील. मला यात लाज वाटली होती, ‘एवढंसं पळायचं तर डॉक्टर कशाला’ असं. तुम्ही वाटून घेऊ नका.

लागणाऱ्या गोष्टी:

- पळण्याचे बूट. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. जिमसाठी वेगळे आणि रस्त्यासाठी वेगळे घ्यायची गरज नाही, पण रस्त्यावरचे चिखलाचे बूट ट्रेडमिलवर नेऊ नका, पट्ट्याखाली माती जाते.
- घाम शोषून लवकर वाळणारे कपडे. सुती मोजे भिजले की फोड आणतात. बायकांनी खेळासाठीची घट्ट ब्रा पहिल्या दिवसापासून घ्यावी, बुटांइतकीच ती महत्त्वाची आहे.
- जिमसाठी: ओळखपत्राची प्रत, फोटो, काही ठिकाणी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागतात. वर्षाचे पैसे एकदम भरण्याआधी महिन्याभराचं सदस्यत्व घेऊन बघा. संध्याकाळी सातला सगळी मशीन अडलेली असतात, आणि हे पैसे भरल्यावर कळतं.
- बाहेरसाठी: फोन, खिशात एक चिठ्ठी (नाव, रक्तगट, घरच्यांचा नंबर), पन्नास-शंभर रुपये, अंधारात चमकणारी पट्टी किंवा निदान फिका शर्ट.

महागडं घड्याळ आत्ता लागत नाही. फोन पुरतो.

३. ट्रेडमिलवरचे पहिले दिवस

पट्ट्यावर उभं राहून मशीन सुरू करू नका. दोन्ही बाजूंना पाय ठेवायच्या कडा असतात, त्यांवर पाय फाकवून उभे राहा, मशीन सुरू करा, पट्टा सावकाश फिरायला लागला की मग पाऊल टाका. मशीनच्या लाल किल्लीला दोरी असते आणि दोरीच्या टोकाला चिमटा, तो शर्टाला अडकवा. जिममध्ये दहातले नऊ जण तो तसाच लोंबकळत ठेवतात. पाय घसरलाच तर त्या दोरीने मशीन थांबतं, नाहीतर फिरता पट्टा गुडघे आणि तळहात सोलून काढतो. माझ्यासमोर एका काकांचं असं झालं आहे. फोनवर आलेला मेसेज वाचायला त्यांनी मान खाली घातली होती, बस इतकंच.

पुढचा दांडा धरून पळू नका. दांडा धरला की वजन हातांवर जातं, पाठ वाकते, आणि पडद्यावर दिसणारे आकडे तुमचे राहत नाहीत. धरल्याशिवाय जमत नसेल तर वेग कमी करा.

पडद्याकडे खाली बघत राहिलात तर मान आखडते. नजर समोर. मी पडद्यावर चक्क टॉवेल टाकते. मिनिटं मोजत पळणं हे मला ट्रेडमिलवरचं सगळ्यात जड काम वाटायचं, टॉवेल टाकल्यापासून ते निम्मं हलकं झालं.

वेळापत्रक असं ठेवा: आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पाच मिनिटं चालणं. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं सावकाश चालणं. दर आठवड्याला पळण्याचा भाग थोडा वाढवा, चालण्याचा कमी करा. वेग किती? शेजारी कुणी असेल तर त्याच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले की वेग जास्त आहे. ही बोलण्याची कसोटी आत्ताच अंगवळणी पाडा, कारण बाहेर गेल्यावर तुमच्याकडे तेवढंच एक मोजमाप असणार आहे.

उतरताना एकदम थांबू नका. पट्टा बंद करून जमिनीवर पाय ठेवला की क्षणभर जमीन पुढे सरकते आहे असं वाटतं, डोकं हलकं होतं. डोळ्यांनी स्थिर भिंत पाहिलेली असते आणि पायांनी चाल अनुभवलेली असते, त्या दोघांचा मेळ बसायला थोडा वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं हळूहळू वेग उतरवत आणा आणि कठडा धरून उतरा.

४. मशीन खरं बोलतंय का, ते तपासा

जुन्या, खूप वापरलेल्या मशीनचे आकडे चुकू शकतात. आमच्या जिममध्ये दोन मशीन शेजारी शेजारी होती आणि एकावर आठ म्हणजे दुसऱ्यावर साडेआठसारखं वाटायचं. सगळे म्हणायचे, भास आहे. मी एका दुपारी, जिम रिकामी असताना, शिंप्याची टेप आणि खडू घेऊन गेले.

मशीन बंद, प्लग काढलेला. पट्ट्याच्या कडेला खडूची एक आडवी रेघ मारली. मग टेप लावत, पट्टा हाताने सरकवत, रेघ फिरून परत येईपर्यंत मोजलं. पट्ट्याची पूर्ण लांबी भरली २ मीटर ९० सेंटिमीटर. त्यानंतर मशीन ताशी ८ वर लावून भाचीला पट्ट्यावर पळायला सांगितलं (माणूस वर असताना वेग थोडा बदलू शकतो, म्हणून रिकामं मशीन मोजू नका) आणि मी बाजूला बसून रेघ ५० वेळा फिरायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजलं. ५० फेऱ्या म्हणजे १४५ मीटर. खरोखर ताशी ८ असेल तर ६५ सेकंद लागायला हवेत. एका मशीनवर ६६ लागले, दुसऱ्यावर ७१. म्हणजे दुसरं मशीन आठ दाखवत होतं आणि चालत होतं ७.३५ ने. दोन मशीनमधला फरक हा भास नव्हताच.

तुमच्या पट्ट्याची लांबी वेगळी असेल. हिशोब असा: लांबी मीटरमध्ये, गुणिले फेऱ्या, भागिले सेकंद, गुणिले ३.६. येणारा आकडा म्हणजे ताशी किलोमीटर.

हे एवढं का करायचं? कारण बाहेर पडताना तुम्ही जिममधला आकडा डोक्यात घेऊन जाता. तोच खोटा असेल तर रस्त्यावर विनाकारण निराशा पदरी येते.

५. वेगाची भाषा बदलते, ती शिकून घ्या

ट्रेडमिल ताशी किलोमीटरमध्ये बोलतं. बाहेरचे पळणारे ‘किलोमीटरला किती मिनिटं’ या हिशोबात बोलतात आणि त्याला पेस म्हणतात. पहिल्यांदा ग्रुपमध्ये गेले तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘तुमची पेस काय?’ आणि मी ‘आठ’ म्हणाले. त्यांनी मला किलोमीटरला आठ मिनिटं लागणाऱ्यांच्या गटात घातलं. सुदैवाने फार फरक नव्हता. हा तक्ता फोनमध्ये ठेवा:

- ताशी ६ किमी: किलोमीटरला १० मिनिटं
- ताशी ७ किमी: ८ मिनिटं ३४ सेकंद
- ताशी ८ किमी: ७ मिनिटं ३० सेकंद
- ताशी ९ किमी: ६ मिनिटं ४० सेकंद
- ताशी १० किमी: ६ मिनिटं
- ताशी १२ किमी: ५ मिनिटं

घड्याळ वापरत असाल तर एक लक्षात ठेवा: ट्रेडमिलवर जीपीएसचा उपयोग नाही, घड्याळ हाताच्या हालचालीवरून अंदाज बांधतं. घड्याळ आणि मशीन यांचे आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.

६. बाहेर कुठे पळायचं

पहिल्याच दिवशी हमरस्ता नको. सगळ्यात चांगली सुरुवात मैदानात किंवा मातीच्या ट्रॅकवर होते. पुण्यात सारसबागेजवळच्या सणस मैदानासारखा ४०० मीटरचा ट्रॅक जवळ असेल तर उत्तम, अंतराचा हिशोबही सोपा. आतल्या लेनच्या अडीच फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. ट्रॅकवर दर काही फेऱ्यांनी दिशा बदला, सतत एकाच बाजूला वळल्याने एका घोट्यावर ताण येतो. गर्दी असेल तर मात्र सगळे जातात त्याच दिशेने जा.

मुंबईकरांना दादरचं शिवाजी पार्क आहे, मरीन ड्राइव्ह आहे. कोल्हापूरला रंकाळा, ठाण्यात उपवन. मरीन ड्राइव्ह सपाट आहे पण पायाखाली काँक्रीट आहे, नवीन पायांना ते कडक लागतं. तिथे रोज जाऊ नका, आड दिवस जा.

पुण्याच्या टेकड्यांबद्दल दोन शब्द. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी यांच्या पायवाटा सुंदर आहेत, मातीच्या आहेत, आणि पहाटे मोरांचा आवाज ऐकत पळण्यासारखं सुख नाही. पण त्या वाटांवर सुटी खडी असते आणि उतार आहेत. मी नडगी बरी झाल्यावर टेकडीवर गेले तेव्हा पहिला महिना फक्त सपाट भागात पळाले, चढ आणि उतार दोन्ही चालत. तुम्हीही तसंच करा. विशेषतः उतार. चढावर दम आपल्याला थांबवतो, उतारावर कुणीच थांबवत नाही.

७. सहा आठवड्यांत बदल कसा करायचा

हे मी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने केलं आणि त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणींना करायला लावलं. गृहीत असं धरलं आहे की तुम्ही ट्रेडमिलवर अर्धा तास सलग पळू शकता.

पहिला आणि दुसरा आठवडा: तीन दिवसांपैकी दोन दिवस ट्रेडमिल, एकच दिवस बाहेर. बाहेर वीस मिनिटं, त्यातही दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. हे अपमानास्पद वाटेल. अर्धा तास पळणाऱ्या माणसाला दोन मिनिटं! पण ही वीस मिनिटं दमासाठी नाहीत, नडगीसाठी आणि घोट्यासाठी आहेत.

तिसरा आणि चौथा: दोन दिवस बाहेर, एक दिवस ट्रेडमिल. बाहेरचे दोन दिवस लागोपाठ नकोत. बाहेर पंचवीस मिनिटं, चालण्याचे तुकडे कमी करत जा.

पाचवा आणि सहावा: तिन्ही दिवस बाहेर चालतील. सहाव्या आठवड्याच्या शेवटी सलग अर्धा तास. अंतर किती झालं ते महत्त्वाचं नाही.

पेस ट्रेडमिलपेक्षा किलोमीटरला अर्धा-पाऊण मिनिट सावकाश ठेवा. ट्रेडमिलवर साडेसात मिनिटांची होती तर बाहेर आठ किंवा सव्वाआठ. पहिली पाच मिनिटं मुद्दाम कंटाळा येईल इतकी हळू पळा. कुणी पुढे गेलं तर जाऊ द्या. दर किलोमीटरला मोठ्याने एक वाक्य म्हणून बघा, माझं ठरलेलं वाक्य म्हणजे घरचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट. तो एका दमात म्हणता आला तर वेग बरोबर आहे.

८. रस्त्यावर सांभाळायच्या गोष्टी

*वाहनं.* फुटपाथ नसेल तर रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं पळा. कानात इअरफोन नको, फारच हवं असेल तर एकाच कानात आणि हळू आवाज. ट्रेडमिलवर संगीताची सवय लागलेल्यांना हे जड जातं, पण पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर गाड्या सुसाट असतात आणि दुचाकी उलट्या दिशेनेही येते.

*कुत्रे.* भुंकत मागे आले तर पळू नका. थांबा, त्यांच्या डोळ्यांत बघू नका, सावकाश चालत त्यांच्या हद्दीतून बाहेर पडा. चावलं किंवा नखाने ओरखडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा. सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते. हळद, चुना, तिखट असलं काही लावू नका.

*हवा.* हिवाळ्यातली सकाळ छान वाटते, पण थंडीत धूर आणि धूळ जमिनीलगत अडकून राहतात आणि पहाटेच हवा जास्त खराब असू शकते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर आपल्या भागातला हवेचा निर्देशांक दिसतो. १०० पर्यंत निर्धास्त जा. २०० च्या पुढे गेला तर तो दिवस ट्रेडमिलचा. दमा असेल तर १०० च्या पुढेच थांबा. दिवाळीच्या आठवड्यात मी बाहेर पळतच नाही.

*पाऊस.* भिजण्याने काही होत नाही. धोका साचलेल्या पाण्याचा: खाली खड्डा आहे की उघडं झाकण, ते दिसत नाही. पायाला जखम किंवा फुटलेला फोड असताना अशा पाण्यातून गेलात तर लेप्टोस्पायरोसिस या जंतुसंसर्गाची भीती असते. मुंबईकरांनी हे विशेष लक्षात ठेवावं. साचलेल्या पाण्यातून जावंच लागलं आणि नंतर ताप आला, तर डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा. शेवाळ धरलेल्या फरश्यांवर चाला.

*ऊन.* एप्रिल-मेमध्ये सातच्या आत घरी. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात, तोवर पेस विसरून जा. चक्कर, मळमळ, अंगावर काटा येणं यातलं काहीही झालं तर लगेच सावलीत थांबा, पाणी प्या, डोक्यावर ओता.

*एकटीने पळणाऱ्यांसाठी.* मी घरी वाट सांगून जाते आणि फोनवर ठिकाण दिसेल असं ठेवते. रोज त्याच वेळी त्याच वाटेने जात नाही. उजाडण्याआधी टेकडीवर एकटी जात नाही, सोबत असेल तरच. ११२ हा मदतीचा नंबर एका बटणावर ठेवलेला आहे. यात भित्रेपणा नाही. आणि एखाद्या रस्त्यावर मनाला बरं वाटत नसेल तर तिथून परत फिरायला दुसरं कारण लागत नाही.

९. दुखणं: कोणतं चालेल, कोणतं नाही

दोन्ही पायांत सारखं, पसरलेलं, चालायला लागल्यावर सैल होणारं दुखणं म्हणजे स्नायू थकले आहेत. एक दिवस विश्रांती घ्या.

एकाच पायात, बोटाने दाखवता येईल अशा जागी, पळताना वाढत जाणारं दुखणं म्हणजे थांबा. नडगीच्या हाडावर एखाद्या बिंदूवर दाबून खूप दुखत असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. डॉक्टरांकडे जा. मी पाच दिवस रोज बाम चोळून पळत होते. फिजिओथेरपिस्टने विचारलं, ‘कुठे दुखतं?’ आणि मी नेमकं एका बोटाने दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. माझ्या बाबतीत हाडापर्यंत गेलं नव्हतं, पण थोडक्यात वाचलं.

छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक गरगरणं, यात वाट बघायची नसते. तिथेच थांबा आणि मदत मागा.

१०. घरी ट्रेडमिल घ्यायचा विचार असेल तर

आधी तीन महिने जिममध्ये पळा. मगच. माझ्या ओळखीच्या दोन घरांत तो कपडे वाळत घालायला वापरला जातो आहे, आणि चाळीस-पन्नास हजार अडकून पडले आहेत.

घेताना दुकानात बूट घालून दहा मिनिटं प्रत्यक्ष पळून बघा, नुसतं चालून नाही. चालण्यापुरते बनवलेले पट्टे आखूड असतात, पळताना पाऊल मागच्या कडेवर पडतं. वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा चांगली वीस-पंचवीस किलो जास्त हवी. दुरुस्तीला माणूस तुमच्या गावात येतो का, ते लेखी घ्या. मला एका विक्रेत्याने तोंडी ‘चोवीस तासांत येतो’ सांगितलं होतं, प्रत्यक्षात एकवीस दिवस लागले.

मोठा प्लग, नीट अर्थिंग, एक्सटेन्शन बोर्ड नको. मागे भिंतीपर्यंत मोकळी जागा सोडा, निदान एका माणसाच्या उंचीइतकी. खालच्या मजल्यावरच्यांना एकदा विचारून घ्या, पहाटे साडेपाचला त्यांच्या छतावर धपधप होते. कंपनीने सांगितलेल्या मुदतीने पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घाला, दुसरं कोणतंही नको. आणि घरात लहान मूल असेल तर वापर झाल्यावर किल्ली काढून उंचावर ठेवा. फिरत्या पट्ट्यात लहान बोटं अडकतात.

११. स्पर्धेत उतरायचं असेल तर

मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे तिची तयारी नेमकी पावसाळ्यात सुरू होते आणि बरेच जण जून ते सप्टेंबर ट्रेडमिलवर काढतात. ते चालतं, पण ऑक्टोबरपासून आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं बाहेरच करा. पूर्ण ४२.१९५ किलोमीटर पळणाऱ्यांना पेडर रोडचा चढ तिशी ओलांडल्यावर भेटतो. चढाची तयारी ट्रेडमिलवर छान होते, ३ ते ५ टक्क्यांवर सावकाश.

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची गोष्ट वेगळी. यवतेश्वरचा घाट आधी चढायचा आणि मग तोच उतरायचा. फक्त ट्रेडमिलवर तयारी केलेली माणसं चढ व्यवस्थित चढतात आणि उतारावर त्यांच्या मांड्या साथ सोडतात. तिथे जायचं असेल तर दोन महिने आधीपासून आठवड्यातून एकदा खराखुरा उतार पायाखाली घाला, सुरुवातीला पाच मिनिटांचा, मग वाढवत.

आता माझा आठवडा असा असतो: मंगळवारी आणि रविवारी बाहेर, गुरुवारी ट्रेडमिल. जूनमध्ये पाऊस लागला की मंगळवारही जिममध्ये जातो. रविवार मात्र मी सोडत नाही. अगदी मुसळधार नसेल तर सोसायटीच्या आवारातच वीस मिनिटं पळते. आवाराची एक फेरी २१० मीटरची आहे, मी चाकाच्या टेपने मोजली आहे. त्या वीस मिनिटांमुळे पायांची रस्त्याची सवय टिकते, आणि ऑक्टोबरमध्ये सहा आठवड्यांचं ते वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून करावं लागत नाही.